युरिक ॲसिडचा बाण आणि लकव्यानंतरची चिठ्ठी

लकव्याचा, म्हणजे स्ट्रोकचा, रुग्ण दवाखान्यातून घरी येतो तेव्हा पिशवीत एमआरआयच्या फिल्म असतात, डिस्चार्जचा कागद असतो आणि रक्ततपासणीच्या अहवालांचा गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्यात बऱ्याचदा एक ठळक ओळ दिसते: युरिक ॲसिड ७.८, शेजारी वर जाणारा बाण. पुढच्या फेरीत त्या बाणावर इलाज म्हणून एक गोळी वाढते, फेबुक्सोस्टॅट ४० किंवा ॲलोप्युरिनॉल १००. रुग्णाच्या पायाचा अंगठा आयुष्यात कधी सुजून ठणकलेला नसतो, म्हणजे त्याला गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा आजार) नसतो. घरच्यांना कारण सांगितलं जातं की युरिक ॲसिडनं रक्तवाहिन्या खराब होतात, पुन्हा झटका येऊ नये म्हणून ही गोळी.

आमचं म्हणणं असं, की गाउट नसलेल्या माणसाला लकव्यानंतर युरिक ॲसिड उतरवण्याची गोळी देणं थांबवलं पाहिजे. हा प्रश्न आता नीट तपासला गेला आहे आणि उत्तर 'उपयोग नाही' असं आलं आहे. गाउटच्याच कपाटातलं दुसरं औषध, कोल्चिसिन, याची गोष्ट वेगळी आहे. त्याचं उत्तर अजून पुरतं आलेलं नाही आणि ते आपल्याकडच्या रुग्णांवर शोधण्याची गरज आहे. या दोन औषधांना एकाच नावाखाली गुंडाळण्यातून बराच घोळ होतो.

ॲलोप्युरिनॉलबद्दल आशा का वाटली, तेही समजून घ्यायला हवं, कारण ती आशा मूर्खपणाची नव्हती. शरीरात प्युरिनचं विघटन होताना शेवटच्या दोन पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) घडवून आणतं: हायपोझँथिनचं झँथिन आणि झँथिनचं युरिक ॲसिड. या कामात सुपरऑक्साइड नावाचा अतिशय क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनीला सैल ठेवत असतं, आणि सुपरऑक्साइड नेमकं त्यालाच खाऊन टाकतं. अस्तर कडक होतं, वाहिनी फुलायची तेव्हा फुलत नाही. ॲलोप्युरिनॉल हे विकर अडवतं, म्हणजे निदान कागदावर तरी वाहिनीला दिलासा मिळायला हवा.

स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक नेटका प्रयोग केला. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना त्यांनी ॲलोप्युरिनॉल दिलं, आणि तुलनेसाठी प्रोबेनेसिड दिलं, जे युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर काढतं पण झँथिन ऑक्सिडेजला हात लावत नाही. दोन्हींनी युरिक ॲसिड उतरलं. हातातल्या रक्तवाहिन्यांचं फुलणं मात्र फक्त ॲलोप्युरिनॉलनं सुधारलं. जो काही फायदा दिसला तो विकर अडवल्याचा होता, रक्तातला आकडा खाली आल्याचा नव्हता. हा धडा आजही चिठ्ठ्या लिहिताना विसरला जातो. लॅबच्या बाणाकडे बघून औषध देणारा माणूस ज्या पुराव्याचा आधार घेतो, तोच पुरावा त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

२०१० मध्ये ६५ रुग्णांच्या एका चाचणीत दिवसाला ६०० मिलिग्रॅम ॲलोप्युरिनॉल घेतल्यावर एन्जायनाचे (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचे) रुग्ण ट्रेडमिलवर छातीत दुखण्याआधी जास्त वेळ चालू शकले. लकव्याच्या रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी वाढण्याचा वेग कमी झालेला दिसला. इथपर्यंत सगळं आशादायक होतं. पण धमनीच्या भिंतीची जाडी कुणाच्या तोंडाचा वाकडेपणा घालवत नाही. दंडातल्या वाहिनीचं फुलणं, भिंतीची जाडी, रक्तातला सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) ही सगळी खुणांची मोजमापं आहेत. 'रक्तवाहिन्यांचं आरोग्य सुधारतं' हे वाक्य बहुतेक वेळा अशा खुणांवर उभं असतं. रुग्णाला हवं असतं ते वेगळंच: पुन्हा झटका येऊ नये, स्मरणशक्ती टिकावी, आपल्या हातानं घास तोंडात घालता यावा.

म्हणून मोठ्या चाचण्या महत्त्वाच्या. ब्रिटनमधल्या झायलो-फिस्ट या चाचणीत इस्केमिक लकवा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून झालेला, किंवा टीआयए, म्हणजे तात्पुरता झटका, येऊन गेलेल्या पन्नाशीपुढच्या ४६४ लोकांना दोन वर्षं दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम ॲलोप्युरिनॉल किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली गेली. सुरुवातीला आणि शेवटी एमआरआय काढून मेंदूच्या पांढऱ्या भागातले चट्टे किती वाढले ते मोजलं. लहान रक्तवाहिन्या बिघडल्या की हे चट्टे वाढत जातात, आणि त्यांच्यासोबत विसरभोळेपणा, चालण्यातला अडखळतेपणा येतो. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतल्या चट्ट्यांच्या वाढीत अर्थपूर्ण फरक नव्हता.

त्याआधी २०२२ मध्ये ऑल-हार्ट चाचणीचा निकाल आला होता. गाउट नसलेले, हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेले, साठीपुढचे ५,७२१ लोक, दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत ॲलोप्युरिनॉल, सरासरी पावणेपाच वर्षांचा पाठपुरावा. हृदयविकाराचा झटका, लकवा किंवा हृदयरोगानं मृत्यू यांपैकी काहीतरी ॲलोप्युरिनॉल गटातल्या ११.० टक्के लोकांना गाठून गेलं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ११.३ टक्के. फायद्यासाठी याहून जास्त मात्रा आणि याहून जास्त वेळ मागणं म्हणजे आता हट्ट आहे.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की ज्यांचं युरिक ॲसिड जास्त त्यांना लकवाही जास्त होतो, हे तर अनेक पाहण्यांत दिसलं आहे. दिसलं आहे, खरं आहे. पण युरिक ॲसिड कुणाचं वाढतं? ज्यांचा रक्तदाब जास्त, पोट सुटलेलं, मूत्रपिंड थकलेलं, मद्यपान नियमित, त्यांचं. लकवाही त्यांनाच गाठतो. त्यातून एक भक्कम उलटा पुरावा आहे, ज्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोग्रेस चाचणीत लकवा किंवा टीआयए होऊन गेलेल्या ६,१०५ लोकांना पेरिंडोप्रिल आणि गरजेनुसार इंडापामाइड दिलं गेलं. पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, आणि दोन्ही औषधं मिळालेल्यांत ४३ टक्क्यांनी. इंडापामाइड हे लघवी वाढवणारं औषध आहे आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. आकडा वाढवणाऱ्या औषधाच्या साथीनं लकवे जवळपास निम्म्यावर आले. आकडाच खरा आरोपी असता तर हे घडलं नसतं.

याहून चक्रावणारी गोष्ट बार्सिलोनाची. युरिक ॲसिड हा रक्तातला एक मोठा ऑक्सिडीकरणरोधक घटक आहे, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी लकव्याच्या पहिल्या तासांत, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसोबत, शिरेतून १,००० मिलिग्रॅम युरिक ॲसिडच दिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४११ रुग्णांचा हिशेब मांडला होता: चांगले बरे झालेले ३९ टक्के विरुद्ध ३३ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, त्यामुळे तो उपचार रूढ झाला नाही. तरी ज्या पदार्थाला आपण विष समजून हाकलतो तोच मेंदू वाचवायला शिरेतून दिला जात होता, एवढं लक्षात ठेवलं तर बाणाची भीती थोडी ओसरेल.

आणि तो बाण आला कुठून, हेही बघायला हवं. लकव्यानंतर ७५ किंवा १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू होतं. कमी मात्रेतलं ॲस्पिरिन मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर जाणं थोडं रोखतं. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर आणखी थोडी भर. रुग्ण नीट गिळू शकत नाही म्हणून पाणी कमी पितो, त्याची आणखी थोडी. मग एका औषधानं वाढवलेला आकडा उतरवायला दुसरं औषध येतं, आणि दुसऱ्यानं पुरळ उठलं की तिसरं. आकडा खरंच खाली आणावासा वाटत असेल तर रक्तदाबासाठी लोसार्टन निवडता येतं. ते युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, आणि रक्तदाबाची गोळी रुग्णाला लागणारच असते. ॲस्पिरिन मात्र या कारणासाठी कुणीही बंद करू नये.

गाउट नसताना नुसत्या वाढलेल्या आकड्यावर गोळी सुरू करू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. तिथला हिशेब बोलका आहे: अशा २४ लोकांना तीन वर्षं गोळी दिली तर गाउटचा एक झटका टळतो. लकव्याची तर गोष्टच नाही.

'पण नुकसान काय, स्वस्त गोळी आहे' हे वाक्य ॲलोप्युरिनॉलबद्दल ऐकलं की काळजी वाटते. काही लोकांत या औषधानं त्वचा सोलून निघण्याची भयंकर प्रतिक्रिया येते, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. किंवा ताप, पुरळ, यकृत-मूत्रपिंडाला सूज असा ड्रेस नावाचा प्रकार होतो. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होतं त्याच्या जिवावर बेतू शकतं. धोका पहिल्या आठ-बारा आठवड्यांत जास्त, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त, आणि सुरुवातीलाच ३०० मिलिग्रॅम दिलं तर जास्त. एचएलए-बी*५८:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांत तो कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून खऱ्या गाउटच्या रुग्णातही १०० मिलिग्रॅमनं, मूत्रपिंड खराब असेल तर ५० नं सुरुवात करून दर काही आठवड्यांनी पायरी चढायची असते. गोळी चालू असताना अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बोलता न येणारा रुग्ण तोंडातले फोड सांगत नाही. घरच्यांना बॅटरी घेऊन बघावे लागतात.

आणखी एक जुनी खोच. ॲलोप्युरिनॉल ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज सुरुवातीला मर्कॅप्टोप्युरीन हे कर्करोगाचं औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून त्याकडे बघत होते. गाउटचा उपयोग नंतर ध्यानात आला. अमेरिकेत त्याला १९६६ मध्ये मान्यता मिळाली आणि या दोघांना १९८८ चं नोबेल. तोच गुणधर्म आज घात करतो: ॲझाथायोप्रीन किंवा मर्कॅप्टोप्युरीन घेणाऱ्या रुग्णाला ॲलोप्युरिनॉल जोडलं आणि मात्रा पाव-तृतीयांशावर आणली नाही, तर अस्थिमज्जा दबते आणि पांढऱ्या पेशी कोसळतात.

फेबुक्सोस्टॅट आपल्याकडे फार लिहिलं जातं, कारण मात्रा वाढवण्याची कटकट कमी आणि पुरळाची भीती कमी. पण हृदयरोग असलेल्या ६,१९० गाउट रुग्णांच्या केअर्स चाचणीत २०१८ मध्ये फेबुक्सोस्टॅट गटात हृदयरोगानं ४.३ टक्के मृत्यू झाले, ॲलोप्युरिनॉल गटात ३.२ टक्के. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. पुढे २०२० च्या फास्ट चाचणीत असा धोका दिसला नाही, आणि केअर्समध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मध्येच सोडलं होतं हेही खरं. पण फास्टमध्ये आधीच्या सहा महिन्यांत लकवा किंवा हृदयविकाराचा झटका आलेले लोक घेतलेच नव्हते. म्हणजे नुकताच लकवा झालेल्या माणसासाठी फास्टचा दिलासा लागू होत नाही. गाउट नसताना त्याला फेबुक्सोस्टॅट देण्याला कुठलाच आधार उरत नाही.

आता कोल्चिसिन. हे युरिक ॲसिडला हात लावत नाही. पांढऱ्या पेशींच्या आतल्या सूक्ष्म नलिका जुळू देत नाही, त्यामुळे त्या पेशी सुजेच्या जागी धावून जात नाहीत आणि इन्फ्लमझोम नावाची दाह पेटवणारी यंत्रणा मंदावते. धमनीतलं चरबीचं किटण फुटतं तेव्हा आत हाच दाह धुमसत असतो. म्हणून औषध गाउटचं असलं तरी कल्पना गाउटची नाही.

हृदयरोगात पुरावा आधी चांगला आला. कोलकॉट चाचणीत (२०१९) हृदयविकाराचा झटका येऊन महिना न झालेल्या ४,७४५ लोकांना रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिन दिलं. वाईट घटना ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आल्या, आणि त्यात लकव्यांचं प्रमाण ठळकपणे घटलं होतं. लोडोको-२ मध्ये (२०२०) ५,५२२ लोकांत ९.६ वरून ६.८ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीला हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी मान्यता मिळाली. पण पुढे क्लिअर सिनर्जी चाचणीत ७,०६२ लोकांत काहीच फरक दिसला नाही: ९.१ विरुद्ध ९.३ टक्के. एवढ्या मोठ्या चाचणीकडे डोळेझाक करून कुणी कोल्चिसिनचा झेंडा मिरवू नये.

लकव्याच्या रुग्णांत थेट दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही २०२४ मध्ये प्रसिद्ध. चीनमधल्या चान्स-३ मध्ये सौम्य-मध्यम लकवा किंवा टीआयए झालेले आणि सीआरपी किमान २ असलेले ८,३४३ लोक होते. पहिल्या २४ तासांत सुरुवात, तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम दोनदा, मग ९० दिवसांपर्यंत एकदा. पुन्हा लकवा ६.३ विरुद्ध ६.५ टक्के. शून्य. युरोपातल्या डॉक्टरांनी डब्लिनहून चालवलेल्या कॉन्व्हिन्स चाचणीत ३,१५४ लोकांना सुमारे तीन वर्षं रोज ०.५ मिलिग्रॅम दिलं. पुन्हा लकवा किंवा हृदयविकाराच्या घटना ९.८ विरुद्ध ११.७ टक्के. फरक फायद्याच्या बाजूचा, पण योगायोगाची शक्यता नाकारता येईल एवढा नाही. ठरवलेल्या ३६७ घटना पूर्ण होण्याआधी, कोविडचा काळ आणि पैशांची चणचण यामुळे, ३३८ वर चाचणी थांबवावी लागली.

या दोन निकालांत आम्हाला विरोध दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले दुसरे झटके मुख्यतः ताज्या गुठळीमुळे येतात, तिथे ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी काम करते. किटणातला दाह विझायला वर्षं लागतात. तीन महिन्यांत कोल्चिसिननं काही केलं नाही म्हणून तीन वर्षांतही करणार नाही असं म्हणता येत नाही. पण तीन वर्षांत करेल असंही अजून सिद्ध नाही. सर्वसाधारण लकव्याच्या रुग्णाला ते आज नेमानं लिहू नये, ही आमची भूमिका याच अपुरेपणातून आली आहे. ज्याला लकव्यासोबत हृदयाच्या धमन्यांचा सिद्ध आजार आहे, मूत्रपिंड धड आहे आणि बाकीची औषधं नीट चालू आहेत, त्याच्याबाबत हृदयरोगतज्ज्ञानं विचार करावा, एवढीच मोकळीक.

कारण कोल्चिसिन हे मवाळ औषध नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात हेच द्रव्य असतं आणि तो कंद खाऊन माणसं दगावतात, हे गावाकडच्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून कळलावीचा कंद किंवा सुरंजानची (हेच द्रव्य असलेल्या युनानी कंदाची) पुडी 'नैसर्गिक कोल्चिसिन' म्हणून घेणं हा जिवाशी खेळ आहे. एका कंदात किती द्रव्य आहे ते खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

गोळीतही घात कुठे होतो ते सांगतो. कोल्चिसिन यकृतातल्या सीवायपी३ए४ विकरामार्फत आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाच्या पंपामार्फत बाहेर जातं. हे मार्ग अडवणारी औषधं सोबत आली की ते रक्तात साचतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध. हाँगकाँगच्या एका अभ्यासात दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या ८८ रुग्णांपैकी ९ दगावले. नायट्यासाठी महिनोन्‌महिने चालणारं इट्राकोनॅझोल आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ते घेणारा माणूस त्वचेच्या डॉक्टरला कोल्चिसिनबद्दल सांगत नाही. रक्तदाबासाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल, मूत्रपिंड बदललेल्यांना सायक्लोस्पोरिन, हीही त्याच यादीत. मूत्रपिंडाची गाळणक्षमता ५० च्या खाली असलेल्यांना कॉन्व्हिन्समध्ये घेतलंच नव्हतं, आणि आपल्याकडे मधुमेह असलेल्या लकव्याच्या रुग्णांत असे कितीतरी असतात.

जुलाब हा त्याचा ओळखीचा त्रास. निरोगी माणसाला तो त्रास, लकव्याच्या रुग्णाला संकट. पाणी कमी होतं, रक्तदाब घसरतो, संडासला जाताना तोल जातो, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं आणि मग कोल्चिसिन आणखी साचतं. दुसरा घात चोरपावलांनी येतो. सोबत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) असेल, मूत्रपिंड मंद असेल तर स्नायू आणि मज्जातंतू कमजोर पडू शकतात. लकव्याच्या माणसाला अशक्तपणा आला की घरचे आणि डॉक्टरही म्हणतात, लकव्याचाच उरलेला भाग. फरक ओळखता येतो: लकवा एका अंगाला असतो, औषधाचा अशक्तपणा दोन्ही मांड्या-खांद्यांत येतो. आधी खुर्चीतून उठणारा रुग्ण आता हात टेकूनही उठत नसेल, तर सीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाची) तपासून घ्यायचं आणि तोपर्यंत कोल्चिसिन बंद.

खरा गाउट आणि लकवा एकत्र असतात तेव्हा मात्र आमचा सूर बदलतो, कारण तिथे हयगय होते. ब्रिटनमधल्या ६२,५७४ गाउट रुग्णांच्या नोंदींतून २०२२ मध्ये दिसलं, की हृदयविकाराचा झटका किंवा लकवा आलेल्या लोकांत आदल्या ६० दिवसांत गाउटचा झटका येऊन गेलेला असण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. गाउट दबवून ठेवणं हे अशा रुग्णाच्या हिताचं आहे. युरिक ॲसिड ६ च्या खाली, कायम. ॲलोप्युरिनॉल हळूहळू वाढवत, आणि पहिले तीन ते सहा महिने झटके येऊ नयेत म्हणून सोबत कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम, मूत्रपिंड आणि इतर औषधं बघून. गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला झटका आला तर औषध लागू पडलं नाही असं समजून ती सोडून देतात. तिथेच चूक होते, कारण साठलेले स्फटिक सुटू लागल्याची ती खूण असते.

लकवा झालेल्या बाजूचा घोटा किंवा गुडघा लाल होऊन सुजला तर शिरेत गुठळी झाली की सांध्यात पू झाला, या शंकेत दिवस जातात. सांध्यातलं पाणी काढून स्फटिक बघणं हाच पक्का रस्ता. झटक्याच्या काळात रक्तातलं युरिक ॲसिड कधी कधी चक्क नॉर्मल येतं, दोन-तीन आठवड्यांनी परत तपासावं लागतं. आणि या वेळी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन आणणं सर्वांत वाईट: ते रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंड दाबतं, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसोबत पोटात रक्तस्राव करू शकतं आणि लकव्याचा धोका स्वतःच वाढवतं. त्याऐवजी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅमच्या आसपास पाच दिवस, मधुमेह असेल तर साखर मोजत. किंवा कोल्चिसिन आधी १ मिलिग्रॅम आणि तासाभरानं ०.५. 'जुलाब लागेपर्यंत दर तासाला एक' ही जुनी पद्धत २०१० च्या चाचणीनं निकालात काढली आहे. कमी मात्रेत गुण तितकाच येतो.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण एका गोळीपुरतं नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांत झालेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी साधारण एक लकव्यानं झालेला आढळला, मृत्यूचं पहिलं कारण. प्युअर या अनेक देशांतल्या अभ्यासात २०११ मध्ये असं दिसलं, की गरीब देशांच्या गटात, ज्यात भारतही होता, हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी ८.८ टक्के लोकच गुठळीरोधक औषध घेत होते आणि स्टॅटिन ३.३ टक्के. जी औषधं खात्रीनं काम करतात ती रुग्णापर्यंत पोचत नाहीत आणि जी करत नाहीत ती शहरातल्या चिठ्ठीत जागा अडवून बसतात. रोज नऊ गोळ्या घेणारा माणूस महिन्याच्या शेवटी पैसे संपले की कुठली गोळी सोडायची ते स्वतः ठरवतो. तो बऱ्याचदा रक्तदाबाची सोडतो, कारण 'बीपी तर नॉर्मल आलंय'.

सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला तेव्हा ठरलेली मोजकी औषधं, ठरलेल्या पायऱ्या आणि न आलेल्या रुग्णाचा माग, एवढ्यावर भर होता. लकव्यानंतरची काळजी त्याच साच्यात बसवता येते: रक्तदाब १३०/८० च्या खाली, किटणामुळे झालेला लकवा असेल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, सौम्य लकव्यात सुरुवातीचे २१ ते ९० दिवस दोन गुठळीरोधक आणि मग एक, तंबाखू बंद. युरिक ॲसिडची तपासणी या साच्यात मुळात नसावी. लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजमधून ती फुकट येते म्हणून तिला इलाज करावाच असं नाही.

कोल्चिसिनसाठी मात्र देशानं पैसे घालावेत. लकव्याच्या चाचण्यांसाठी आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या आधारानं उभं राहिलेलं देशभरातल्या रुग्णालयांचं जाळं आहे. स्प्रिंट इंडिया चाचणीत त्यानं ३१ केंद्रांतून ४,२९८ रुग्ण घेतले होते. त्या चाचणीत मोबाइलवरचे संदेश आणि व्हिडिओ पाठवून दुसरे झटके कमी झाले नाहीत, पण एवढे रुग्ण वर्षभर सांभाळता येतात हे सिद्ध झालं. कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचा आजार युरोपियनांपेक्षा आशियाई लोकांत जास्त, मधुमेह कमी वयात, मूत्रपिंड लवकर थकलेलं, इट्राकोनॅझोलसारखी औषधं मुबलक. कॉन्व्हिन्सचं उत्तर जसंच्या तसं इथे लागू पडेल असं मानता येत नाही. काही रुपयांची, पेटंट संपलेली गोळी असल्यामुळे कुठलीही कंपनी ही चाचणी करणार नाही. ती करायची तर किमान तीन वर्षांची, सीआरपी वाढलेल्या रुग्णांत, आणि दर तीन महिन्यांनी क्रिॲटिनिन तपासणारी हवी.

सध्या ज्यांच्या डब्यात फेबुक्सोस्टॅट किंवा ॲलोप्युरिनॉल आहे त्यांनी पुढच्या भेटीत एक प्रश्न विचारावा: मला गाउट आहे का, आणि असेल तर ते कशावरून ठरवलं? सांध्याचा झटका कधी आलेला नसेल, युरिक ॲसिडचे मुतखडे नसतील, कर्करोगाचे उपचार चालू नसतील, तर ती गोळी बहुतेक वेळा थांबवता येते आणि मात्रा हळूहळू उतरवण्याचीही गरज पडत नाही. गाउट पक्का असेल तर मात्र लकवा झाला, दवाखाना बदलला, गोळ्या जास्त वाटल्या, या कुठल्याही कारणानं ती बंद करायची नाही.